रात्री सव्वादोनचा साक्षीदार



या आठवड्याच्या टपालात एकलहऱ्याहून एक पत्र आलंय. एकलहरे म्हणजे नाशिकरोडजवळचं, उंच धुरांड्यांचं, औष्णिक वीजकेंद्राचं गाव. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत आहे. ती म्हणते, "आमचे बाबा कंट्रोल रूममध्ये काम करतात. तिथं कॉम्प्युटर सगळं आपोआप नोंदवतो. तरी बाबा रात्रपाळीला जागून वहीत आकडे लिहितात. ते कशाला? आणि कॉम्प्युटरमधली नोंद कुणी गुपचूप बदलली, तर ते कुणाला कळणार?"

शाब्बास! दोन प्रश्न, आणि दोन्ही खणखणीत. आज त्यांच्याच मागे लागू या.

एकलहऱ्याचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ साली सुरू झाले. १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन संच आले. पहिले दोन आता कायमचे बंद झाले आहेत. त्या जुन्या काळी अशा केंद्रांत नोंदी कशा होत असत, ठाऊक आहे? भिंतीवरच्या पेटीत कागदाची पट्टी संथपणे सरकत असे आणि तिच्यावर शाईचं पेन रेघ ओढत असे. वाफेचा दाब वाढला की पेन एका बाजूला सरके. रेघेनं अचानक उडी मारली, की समजायचं, इथं काहीतरी घडलं! शिवाय दर तासाला माणूस हिंडून मीटर वाचायचा आणि लॉगबुकात लिहायचा.

आता त्या पट्टीची जागा संगणकानं घेतलीय. पण लॉगबुक राहिलं. का बरं? कारण यंत्राला जिथं संवेदक बसवलाय, तेवढंच दिसतं. "पट्ट्यापाशी जळल्याचा वास आला", "पंपाचा आवाज नेहमीसारखा नाही", "अमक्याला फोन करून कळवलं" हे यंत्र कुठून लिहिणार? ते माणसानंच लिहायचं. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की वही आणि संगणक हे दोन वेगवेगळे साक्षीदार आहेत. एकाला जे दिसत नाही, ते दुसरा सांगतो.

आता दुसरा प्रश्न. तो जरा खोल पाण्यातला आहे.

समजा, कुठल्याशा वीजकेंद्रात रात्री सव्वादोनला एक संच धाडकन बंद पडला. कंट्रोल रूममध्ये एकदम शेकडो दिवे लुकलुकायला लागले, भोंगे वाजायला लागले. कोण आधी, कोण नंतर, माणसाच्या डोळ्यांना काही म्हणता काही कळत नाही. पण घटनाक्रम नोंदवणारं एक यंत्र सेकंदाचे हजार भाग करून लिहीत असतं. त्याची नोंद साधारण अशी दिसेल (आकडे माझ्या मनचे आहेत, बरं का):

२ वाजून १७ मिनिटं, ८.११४ सेकंद : भट्टीतला धूर ओढणारा पंखा थांबला.
११.४०२ सेकंद : भट्टीतला दाब मर्यादेबाहेर गेला.
११.४३७ सेकंद : बॉयलरचं इंधन बंद झालं.
११.५१२ सेकंद : टर्बाइनची वाफ बंद झाली.
११.९८० सेकंद : जनित्र ग्रिडपासून सुटलं.

चार सेकंदांच्या आत खेळ खलास! पण नोंद वाचली की गुन्हेगार सापडतो. पंखा आधी थांबला, म्हणून दाब वाढला. मोटार तपासा.

आता गंमत बघा. दाब नोंदवणाऱ्या यंत्राचं घड्याळ पाच सेकंद मागे असतं तर? त्याच्या नोंदीत ११.४०२ ऐवजी ६.४०२ आलं असतं. म्हणजे दाब आधी वाढला आणि पंखा नंतर थांबला, असं दिसलं असतं. मग मोटार निर्दोष सुटते आणि भट्टी सांभाळणाऱ्या माणसाकडे बोट जातं! आकडा कुणी खोटा लिहिला नाही, कुणी बदलला नाही, तरी एका प्रामाणिक माणसावर ठपका आला. कशामुळे? घड्याळामुळे.

ही नुसती कल्पना नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडाच्या मोठ्या भागातली वीज गेली. सुमारे ५ कोटी माणसं अंधारात सापडली. चौकशी करणाऱ्यांच्या हाती नोंदींचा डोंगर होता, पण कितीतरी यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली नव्हती. आधी काय आणि नंतर काय, हे लावता लावता त्यांचा घाम निघाला. म्हणूनच अशा यंत्रांची घड्याळं उपग्रहांकडून येणाऱ्या वेळेशी जुळवून ठेवण्याची पद्धत आहे.

तेव्हा साक्षीदाराला पहिला प्रश्न विचारायचा, "तुझं घड्याळ बरोबर आहे का?" आणि दुसरा, "तुझं म्हणणं मध्ये कुणी बदललं तर नाही ना?"

या दुसऱ्या प्रश्नासाठी आपण एकलहऱ्याहून नाशिक शहर ओलांडून पलीकडे जाऊ. तुमच्यापैकी पुष्कळ जण सहलीला पांडवलेण्यांत गेले असतील. डबे खाल्ले, फोटो काढले आणि खाली उतरलात, हो ना? पुढच्या वेळी तिथल्या भिंती बघा. ते नाशिकचं सुमारे १९०० वर्षांपूर्वीचं दप्तर आहे!

दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत. त्यानं गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन संघांकडे ३००० कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा खर्च करायचा. त्यातले २००० कार्षापण महिना शेकडा एक दरानं ठेवले होते. त्यातून वीस भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. चला, हिशेब करा. २००० चं महिन्याचं व्याज २०. वर्षाचं २४०. आणि २० भिक्षू गुणिले १२? तेही २४०! एकोणीसशे वर्षांनीही हिशेब पैनपै जुळतो. मधल्या काळात कुणी त्यातला एक आकडा खोडून बदलला असता, तर तो आपल्याला तिथल्या तिथे सापडला असता.

संगणकातली नोंद जपणारे लोक नेमकी हीच युक्ती करतात. ती घरी करून बघा. समजा, तुमच्या विजेच्या मीटरचं रीडिंग आहे ४५३६. त्याच्या अंकांची बेरीज १८. ती शेजारी लिहून ठेवा. कुणी ४५३६ चं ४५२६ केलं, तर बेरीज १७ येईल. चोर पकडला! पण चोर हुशार निघाला आणि त्यानं अंकांची फक्त अदलाबदल केली, ४५६३, तर? बेरीज पुन्हा १८. फसलो की! मग आपण त्याच्याहून हुशार व्हायचं. पहिल्या अंकाला १ नं, दुसऱ्याला २ नं, तिसऱ्याला ३ नं आणि चौथ्याला ४ नं गुणून बेरीज घ्यायची. ४५३६ ची येते ४७ आणि ४५६३ ची येते ४४. आता सापडला!

संगणक हेच गणित फार अवघड करून करतो आणि अख्ख्या फाइलचा एक छोटा ठसा काढतो. मोठ्या पुस्तकातला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. पण चोरानं नोंद बदलून ठसाही नवा करून ठेवला तर? म्हणून त्या ठशावर जबाबदार अधिकाऱ्याची डिजिटल सही असते. ती सही दुसऱ्याला करता येत नाही. शेतकऱ्याचा सातबारा तुम्ही पाहिला असेल. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्यामागे हेच तत्त्व आहे.

पण थांबा! नोंद कधीच बदलायची नाही का? चूक झाली तर? परिस्थिती बदलली तर? याचंही उत्तर पांडवलेण्यांतच आहे. तिसऱ्या लेण्याच्या भिंतीवर गौतमीपुत्र सातकर्णीचा १८ व्या वर्षातला हुकूम कोरलाय. भिक्षूंना २०० निवर्तनं जमीन दिल्याचा. त्याच भिंतीवर पुढे २४ व्या वर्षातला हुकूम आहे. त्यात म्हटलंय, की कखडी गावातलं जे शेत आधी दिलं, ते कुणी कसत नाही, गावही ओस पडलंय. म्हणून नगराच्या सीमेवरच्या आमच्या शेतातली १०० निवर्तनं द्या. पाहिलंत? नवा हुकूम आला, पण जुना छिन्नीनं खरवडून काढला नाही. तो तसाच ठेवून पुढे नवा लिहिला. म्हणूनच आज आपल्याला दोन्ही गोष्टी कळतात, काय ठरलं होतं आणि ते का बदललं.

लॉगबुकाचा शिरस्ताही हाच. चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही. त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही आणि वेळ. चांगल्या संगणकप्रणालीतही असंच असतं. नोंद कुणी बदलली, कधी बदलली, आधी काय होतं, हे सगळं मागे राहतं. आणि ज्यानं नोंद करायची, त्यालाच ती पुसण्याची चावी द्यायची नाही. आपला पेपर आपणच तपासायचा नाही, तसं!

आता तिसरा प्रश्न. "साक्षीदार जिवंत आहे का?"

उषवदाताच्या लेखात आणखी एक मोलाचं वाक्य आहे. हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं तो सांगतो. म्हणजे एक नोंद गावातल्या सभेच्या दप्तरी आणि दुसरी डोंगरातल्या दगडावर. सभा गेली, फलक गेला. दगड राहिला.

कागदाचं दप्तर क्षणात कसं जातं, ते महाराष्ट्रानं २१ जून २०१२ रोजी पाहिलं. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचे प्राण गेले. असंख्य फायलींची राख झाली. त्यानंतर सरकारी कागद संगणकावर आणण्याच्या कामाला जोर आला.

मग संगणकावर आणलं की संपलं? छे! २७ जून २०१७ रोजी एक भयंकर संगणकविषाणू जगभर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक त्यात सापडले आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कुणाला कोणत्या संगणकात शिरायची परवानगी आहे, याच्या नोंदी ठेवणारे सुमारे दीडशे संगणक या कंपनीचे जगभर होते. प्रत्येकाकडे दुसऱ्याची प्रत. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण सगळे एकमेकांना जोडलेले! विषाणूनं एका झटक्यात सगळे पुसले. एक सोडून. आफ्रिकेतल्या घाना देशातला एक संगणक वाचला. कसा? तिथली वीज गेली होती, म्हणून तो जोडलेलाच नव्हता! मग त्याची डिस्क माणसांनी हातोहात विमानानं इंग्लंडला नेली आणि तिच्यावरून बाकीचं उभं केलं. एकलहऱ्याच्या मैत्रिणी, वीज गेल्यामुळे कुणाचं भलं झाल्याचं तू आजवर ऐकलं होतंस का?

यातून शिकायचं काय? एकमेकांना कायम जोडलेल्या दीडशे प्रती म्हणजे खरं तर एकच प्रत. म्हणून जाणकार 'तीन-दोन-एक' असा नियम सांगतात. महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. शिवाय एक तरी प्रत संगणकापासून सोडवून ठेवलेली. आणि हो, अधूनमधून ती उघडून बघायची. कुलपात ठेवलेली प्रत उघडतच नाही, हे आग लागल्यावर कळून काय उपयोग?

चौथा आणि शेवटचा प्रश्न. "साक्षीदाराची भाषा कुणाला कळते का?"

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. कापडी रुमालांत बांधलेले लाखो कागद. कागद शाबूत, शाई शाबूत. पण लिपी मोडी! ती भराभर वाचणारी माणसं आज मोजकी. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात छापून आणले, तेव्हा कुठं ते लोकांना वाचता आले.

संगणकाची मोडी तर आणखी लवकर होते. माझ्या टेबलाच्या खणात एक फ्लॉपी आहे. १.४४ एमबीची, निळी. तिच्यावर माझे जुने लेख आहेत. म्हणजे असावेत! ती घालायला आता घरात यंत्रच नाही. दगडाला १९०० वर्षं काही झालं नाही आणि माझी फ्लॉपी तीस वर्षांत मुकी झाली. म्हणून संस्थांना जुन्या नोंदी वेळोवेळी नव्या साधनांवर, सर्वांना वाचता येईल अशा रूपात उतरवून घ्याव्या लागतात. आपल्या देशाचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. जपलेली इलेक्ट्रॉनिक नोंद कशी असावी, ते त्याच्या सातव्या कलमात सांगितलंय. ती नंतरही उघडता यावी, मूळ माहिती जशीच्या तशी दिसावी, आणि ती कुठून, कधी आली हेही कळावं. आपलेच प्रश्न की नाही हे?

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? तर माणसांसाठी. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. वीज तयार करण्याचं काम महानिर्मितीकडे आलं. पाटी बदलली, पण १९८० साली नोकरीला लागलेल्या माणसाची सेवेची वर्षं थोडीच बदलतात? त्याच्या हक्काचे पैसे जुन्या नोंदीवरूनच ठरायचे. आणि अशा केंद्रांसाठी ज्यांची शेतं गेली, त्यांच्या नातवंडांना प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा असेल, तर जमीन कुणाची होती आणि किती गेली, हे जमीन संपादनाच्या कागदांनीच सांगायचं. आजोबा नसतात तेव्हा कागद बोलतो. तो हरवला, तर भांडायला काही उरत नाही.

आईबाबांनो, दोन ओळी तुमच्यासाठी. घराचे कागद, गुणपत्रिका, दवाखान्याचे रिपोर्ट आणि फोटो सगळे एकाच मोबाइलमध्ये असतील, तर या रविवारी मुलांना हाताशी धरून एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती आजोळी ठेवायला द्या. मूळ कागद मात्र फेकू नका. आणि जे नको आहे ते विचार करून काढून टाका. सरकारी कार्यालयांतही कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचा, याचे वर्ग ठरलेले असतात. सगळंच साठवलं, की हवं ते सापडत नाही.

आणि एकलहऱ्याच्या मैत्रिणी, बाबा सकाळी रात्रपाळीहून आले, की त्यांना विचार, "काल वहीत काय लिहिलंत?" उद्या काही बिघडलं, तर "मी माझं काम चोख केलं होतं" हे त्यांच्या वतीनं सांगायला ती वही आणि तो संगणक उभे राहणार आहेत. ते दोघं खरं बोलतील, एवढी काळजी मात्र आज, काही बिघडलेलं नसतानाच घ्यावी लागते.

जाता जाता एक कोडं. आपण अंकांना १, २, ३, ४ नं गुणून बेरीज काढली. आता ४५३६ मध्ये असे बदल करून दाखवा, की बेरीज ४७ च राहील आणि चोर निसटेल! एक नाही, असे बरेच आकडे आहेत. शोधा आणि पोस्टकार्डावर कळवा. आणि हो, पाठवण्याआधी उत्तराची एक प्रत स्वतःजवळ ठेवा!